स्वक्षमता मोजणारी प्रश्नावली : ती कशी तयार करावी आणि कशी पडताळून पाहावी

संशोधनाच्या प्रबंधांत प्रश्नावलीबद्दल अनेकदा एवढंच सापडतं : ‘अल्फा ०.८७ आला, म्हणून साधन विश्वसनीय आणि सप्रमाण आहे.’ (अल्फा म्हणजे क्रोनबाखचा अल्फा; सप्रमाण म्हणजे जे मोजायचं तेच मोजणारं.) या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यातून निघत नाही. विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच अल्फा सांगतो. ती नेमकं काय मोजतात, हे तो सांगत नाही. स्वक्षमतेच्या, म्हणजे ‘हे मला जमेल’ या विश्वासाच्या बाबतीत ही गफलत जास्त महागात पडते, कारण तिच्या आजूबाजूला दिसायला सारख्या चार-पाच संकल्पना आहेत आणि त्यांची विधानंही एकमेकांशी छान जुळतात.

म्हणून या लेखात संख्याशास्त्राआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. माझ्या मते प्रश्नावलीचं भवितव्य तिथेच ठरतं. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे : नुकतंच इन्सुलिन सुरू झालेल्या माणसांची, ते स्वतःचं स्वतः घेण्याबाबतची स्वक्षमता.

काय मोजायचं आहे ते आधी एका वाक्यात लिहा

सेल्फ-एफिकसी ही संकल्पना अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडली. एखादं ठरावीक काम ठरावीक परिस्थितीत आपल्याला जमेल, हा माणसाचा स्वतःच्या क्षमतेबद्दलचा विश्वास म्हणजे स्वक्षमता. यात ‘ठरावीक काम’ आणि ‘ठरावीक परिस्थिती’ हे दोन्ही भाग अटळ आहेत. ते गाळले की हाती काहीतरी वेगळंच उरतं.

शेजारच्या संकल्पना उदाहरणातून वेगळ्या करून पाहू. ‘इन्सुलिन वेळेवर घेतलं तर साखर आटोक्यात राहते’ ही परिणामाबद्दलची अपेक्षा झाली. ‘मी उद्यापासून एकही डोस चुकवणार नाही’ हा इरादा झाला. ‘माणूस म्हणून मला माझी किंमत वाटते’ हा आत्मसन्मान. ‘डोस कसा मोजायचा हे मला माहीत आहे’ हे ज्ञान. आणि ‘घराबाहेर असताना, आजूबाजूला लोक असतानाही डोस घेणं मला जमेल’ ही स्वक्षमता. एखाद्याला इन्सुलिनचा उपयोग पूर्ण पटलेला असतो, सुई कशी धरायची हेही कळत असतं, तरी चारचौघांत ती काढणं जमेल असं त्याला वाटत नाही. आपल्याला नेमकी तीच फट पकडायची आहे.

तेव्हा वहीत पहिलं वाक्य असं उतरवा : ‘ही प्रश्नावली अमुक लोकांचा, अमुक कामं, अमुक अडचणी असतानाही करता येण्याबद्दलचा, आजच्या घडीचा विश्वास मोजते.’ यातली एखादी जागा भरता येत नसेल, तर विधानं लिहायची वेळ अजून आलेली नाही.

इथेच दुसरा निर्णयही घ्यावा लागतो : नवी प्रश्नावली खरंच हवी आहे का? राल्फ श्वार्झर आणि मथियास येरुसालेम यांची सामान्य स्वक्षमता श्रेणी जगभर वापरली जाते. तिच्यात १० विधानं आहेत, प्रत्येकाला १ ते ४ गुण आणि एकूण गुण १० ते ४०. आयुष्यातल्या नाना तऱ्हेच्या ताणांना माणूस कसा सामोरा जातो, हा तुमचा प्रश्न असेल तर ती पुरेल. पण तो इन्सुलिनचे डोस पाळेल का, हे तिच्यावरून जेमतेमच कळेल. सगळ्या कामांना लागू पडेल असं एकच माप स्वक्षमतेसाठी चालत नाही, असं बांडुरांनी २००६ च्या आपल्या मार्गदर्शक प्रकरणात स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्याच कामासाठी कोणी आधीच प्रश्नावली तयार केली असेल, तर परवानगी घेऊन ती रूपांतरित करा. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायची, दोन्ही मसुदे बसून एक करायचे, मूळ न पाहिलेल्या व्यक्तीने उलट भाषांतर करायचं आणि मग तज्ज्ञांनी तफावती मिटवायच्या, ही रीत आता रुळली आहे. मात्र रूपांतरित प्रश्नावलीलाही पुढची पडताळणी चुकत नाही.

अडचणी गोळा करा

अडथळाच नसेल तर काम सगळ्यांनाच जमतं आणि सगळेच सर्वोच्च आकड्यावर खूण करतात. म्हणून स्वक्षमतेच्या विधानांचा कच्चा माल म्हणजे अडचणी. त्या टेबलाशी बसून सुचत नाहीत, ज्यांना त्या भोगाव्या लागतात त्यांच्याकडूनच घ्याव्या लागतात.

पंधरा-वीस जणांशी सविस्तर बोला. ‘तुम्हाला आत्मविश्वास वाटतो का?’ असं विचारू नका. ‘मागच्या वेळी डोस चुकला तेव्हा काय चाललं होतं?’, ‘कोणत्या दिवशी हे सगळ्यात जड जातं?’, ‘नव्याने सुरू करणाऱ्याला तुम्ही कशाबद्दल सावध कराल?’ असं विचारा. ज्यांचं नीट चाललं आहे त्यांच्याशीही बोला, कारण ज्या अडचणी त्यांनी ओलांडल्या त्या त्यांना नेमक्या सांगता येतात. नवीन काहीच कानावर येईनासं झालं की थांबा.

मग एक तक्ता करा. उभ्या रकान्यात कामं : डोस मोजणं, टोचणं, साखर तपासणं, साखर उतरल्याची लक्षणं ओळखून उपाय करणं, जेवणाच्या वेळा बदलल्या तर डोसचं काय करायचं ते ठरवणं. आडव्यात परिस्थिती : घाई, प्रवास, आजारपण, खिन्न मनःस्थिती, लोकांची नजर, मदतीला कोणी नसणं. या चौकटीतलं प्रत्येक घर भरायचं नाही. मुलाखतींत ज्या जोड्या खरोखर आल्या त्याच घ्या. अंतिम प्रश्नावलीत २० विधानं हवी असतील तर सुरुवातीला ४० ते ६० लिहा. निम्मी तरी वाटेत गळतात.

विधानं लिहिताना

बांडुरांचा भर ‘करेन’ऐवजी ‘करू शकेन’ विचारण्यावर आहे, कारण ‘करेन’मध्ये इरादा शिरतो. पण तेवढ्याने भागत नाही. ‘रोज पहाटे साखर तपासणं जमेल का?’ असं विचारलं की कित्येक जण क्षमतेचा विचार न करता ‘मला ते करावंसं वाटतं का’ याचं उत्तर देतात. पुढच्या संशोधकांनी ही अडचण दाखवून दिली आणि सूचनेत ‘तुम्ही मनावर घेतलंत तर’ अशी पुस्ती जोडून पाहिली. ती जोडायची की नाही हे तुमच्या हेतूवर आहे, पण निर्णय जाणूनबुजून घ्या आणि अहवालात लिहा.

मराठीत आणखी एक अडचण येते. ‘मी करू शकतो/शकते’ अशा तिरक्या रेघा प्रत्येक ओळीत आल्या की वाचणारा कंटाळतो. सोपा मार्ग म्हणजे वर एकच प्रश्न द्यायचा, ‘खालील प्रत्येक गोष्ट आजच्या घडीला करणं तुम्हाला जमेल, याची तुम्हाला किती खात्री वाटते?’, आणि खाली नुसती कामं लिहायची :

घरी निवांत असताना डोस मोजून घेणं.
सकाळी निघायची घाई असताना डोस मोजून घेणं.
प्रवासात, बसल्या जागी डोस घेणं.
ओळखीचे लोक पाहत असताना डोस घेणं.
मन खूप खचलेलं असताना एकही डोस न चुकवणं.

या पाच ओळींत काम जवळपास एकच आहे, चढ मात्र वाढत जातो. स्वक्षमतेच्या श्रेणीचा गाभा हाच. चढ किती असावा? पहिल्या पायरीवर जवळपास सगळे पोचावेत आणि शेवटच्या पायरीवर थोडेच. छापताना मात्र पायऱ्या चढत्या क्रमाने लावू नका, मिसळा. नाहीतर माणूस प्रत्येक ओळीचा स्वतंत्र विचार न करता आकडा ओळीगणिक कमी करत जातो.

एका विधानात दोन कामं घालू नका. ‘साखर तपासून त्यानुसार डोस बदलणं’ यात तपासणं जमणारा आणि बदलणं न जमणारा माणूस अडकतो. ‘नेहमी’, ‘कधीकधी’, ‘योग्य रीतीने’ असे शब्द ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे ताणले जातात, त्यांऐवजी परिस्थिती सांगा. उलट अर्थाची विधानंही स्वक्षमतेत घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. ‘मला अमुक जमणार नाही’ यावर शून्य म्हणजे नेमकं काय, हे उत्तर देणाऱ्याला उलगडत नाही. घटक विश्लेषणात (कोणती विधानं एकत्र गट करतात, म्हणजे एका ‘घटका’त येतात, हे शोधण्याच्या गणितात) अशी विधानं केवळ त्यांच्या नकारामुळे वेगळी टोळी करून बसतात आणि आपण तिला नवा घटक समजून नाव देत बसतो.

उत्तरासाठी ० ते १००

बांडुरा सुचवतात ती पट्टी ० ते १०० ची, दहा-दहाच्या टप्प्यांची : ० म्हणजे अजिबात जमणार नाही, ५० म्हणजे मध्यम प्रमाणात जमेल, १०० म्हणजे नक्की जमेल. शून्याखाली काही नसतं, कारण ‘अजिबात नाही’च्या खाली क्षमता उतरत नाही. पाच पर्यायांची ‘सहमत–असहमत’ पट्टी सवयीने लावली जाते, पण लोक टोकं टाळतात, मग हातात दोन-तीनच आकडे उरतात आणि माणसामाणसातला फरक पुसला जातो. फ्रँक पाजारेस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये विद्यार्थ्यांच्या लेखन-स्वक्षमतेवर दोन्ही पट्ट्या लावून पाहिल्या, तेव्हा ० ते १०० च्या पट्टीने कामगिरीचा अंदाज जास्त चांगला दिला. लहान मुलांसाठी किंवा आकड्यांची सवय नसलेल्यांसाठी कमी टप्प्यांची पट्टी घ्या.

सुरुवातीला सरावाचं एक उदाहरण द्या. वजन उचलण्याचं नेहमी चालतं : ५ किलो उचलणं, २० किलो, ५०, १००. ज्याने १०० किलोवरही १०० लिहिलं त्याला पट्टी कळलेली नाही, हे तिथेच दिसतं आणि समजावून सांगता येतं. पानाच्या माथ्यावर ‘स्वक्षमता श्रेणी’ असं छापू नका, ‘इन्सुलिन घेण्याविषयी प्रश्नावली’ पुरे. नावाऐवजी संकेतांक घ्या. उपचार करणारी व्यक्ती समोर उभी असताना उत्तरं घेऊ नका, कारण तिला खूश करायला आकडे वाढतात.

तज्ज्ञ आणि उत्तर देणारे : दोघांचीही मतं घ्या

आशयाच्या सप्रमाणतेसाठी सहा ते दहा तज्ज्ञ बसतात. त्यांत विषयातले हवेत, मापनशास्त्रातला किमान एक हवा आणि तो आजार जगणारी एखादी व्यक्तीही असावी. प्रत्येक विधानाला त्यांनी ‘आवश्यक आहे की नाही’ आणि ‘१ ते ४ पैकी किती समर्पक’ असे गुण द्यायचे.

लॉशी यांचं १९७५ चं गुणोत्तर साधं आहे : ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा आणि त्या निम्म्यानेच भागा. १० पैकी ९ जण आवश्यक म्हणाले तर (९ − ५) ÷ ५ = ०.८०. लॉशींच्या तक्त्यात १० तज्ज्ञांसाठी किमान ०.६२ लागतं, म्हणजे हे विधान राहतं. समर्पकतेसाठी ३ किंवा ४ गुण देणाऱ्यांचं प्रमाण काढतात. सहा किंवा अधिक तज्ज्ञ असतील तर दर विधानाला सुमारे ०.७८ आणि सगळ्या विधानांची सरासरी ०.९० हे निकष प्रचलित आहेत. आकडा कमी आला म्हणून विधान लगेच उडवू नका, आधी शेरे वाचा. कित्येकदा फक्त शब्द चुकलेला असतो. तज्ज्ञांना आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा : यात काय राहून गेलंय? कोणत्याही गुणोत्तराला याचं उत्तर देता येत नाही.

यानंतरची पायरी सर्रास गाळली जाते, आणि मला तर ती सगळ्यात मोलाची वाटते : उत्तर देणाऱ्याला मोठ्याने विचार करायला लावणं. आठ-दहा जणांसमोर प्रश्नावली ठेवा. प्रत्येक विधान त्यांच्या शब्दांत सांगायला सांगा, मग आकडा, मग तोच आकडा का. ‘७० का लिहिलंत, ९० का नाही?’ या प्रश्नात सगळं बाहेर येतं. उत्तर ‘कधी कधी हात थरथरतो’ असं आलं, तर विधान क्षमतेबद्दलच वाचलं गेलं. ‘एवढं काय त्यात, मला कंटाळा येतो’ असं आलं, तर इच्छा मोजली गेली. ‘डॉक्टरांनी सांगितलंय तर करायलाच हवं’ असं आलं, तर कर्तव्याची भावना. अशी उत्तरं दोघा-तिघांकडून आली की विधान बदला आणि नव्या माणसांसमोर ठेवा.

पथदर्शी चाचणी

तीस ते पन्नास लोक पुरेत. इथे घटक विश्लेषण करायचं नसतं. प्रत्येक विधानाचं मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती पसरली आहेत) आणि रिकामी उत्तरं पाहा. मध्यमान ९० च्या वर आणि विचलन नगण्य, म्हणजे विधान फार सोपं : त्यात अडचण वाढवा किंवा ते काढा. एखादं विधान बरेच जण कोरं सोडत असतील तर ते त्यांना लागूच नाही, असं समजा. एकूण गुणांत १५ टक्क्यांहून जास्त लोक सर्वोच्च गुणावर बसले, तर श्रेणीचं छत ठेंगणं आहे आणि प्रशिक्षणानंतरची सुधारणा त्यात दिसणारच नाही.

मुख्य नमुना आणि घटक विश्लेषण

‘दर विधानामागे दहा माणसं’ हा नियम सोयीचा आहे, पक्का नाही. घटकभार (विधान आपल्या घटकाशी किती घट्ट जोडलेलं आहे तो आकडा) भक्कम असतील तर कमी चालतात, क्षीण असतील तर जास्त लागतात. साधारण ३०० चं लक्ष्य ठेवा आणि शक्य असेल तर दुसरा वेगळा नमुना घ्या. पहिल्यावर रचना शोधायची, दुसऱ्यावर तपासायची. एकाच विदेवर (गोळा केलेल्या माहितीवर) शोध आणि पुष्टी दोन्ही केली तर पुष्टीला अर्थ राहत नाही.

शोधक विश्लेषणात किती घटक घ्यायचे यासाठी ‘आयगेनमूल्य (एक घटक किती फरक समजावतो ते) १ पेक्षा जास्त’ हा नियम सॉफ्टवेअरमध्ये आपोआप लागतो आणि बहुधा जास्त घटक काढतो. त्याऐवजी हॉर्न यांचं समांतर विश्लेषण वापरा; त्यात ही मूल्यं यादृच्छिक आकड्यांतून निघणाऱ्या मूल्यांशी ताडतात. घटक एकमेकांशी संबंधित असणारच, म्हणून घटकांचं फिरवणं (रोटेशन) तिरकं, म्हणजे त्यांना संबंधित राहू देणारं ठेवा. ०.४० च्या खालचा घटकभार किंवा दोन घटकांवर सारखाच भार असलेलं विधान पुन्हा तपासा.

चढत्या अडचणींच्या विधानांत इथे एक सापळा असतो. सोपी विधानं सगळी वरच्या बाजूला झुकलेली, अवघड सगळी खालच्या बाजूला. साधे सहसंबंध वापरले तर सोपी सोप्यांशी आणि अवघड अवघडांशी जास्त जुळतात आणि दोन घटक निघतात. ते अर्थाचे नसतात, अडचणीच्या पातळीचे असतात. दुसऱ्या घटकातली विधानं वाचून त्यांत सामाईक काम दिसतंय की नुसता सामाईक अवघडपणा, हे पाहा. उत्तराचे पर्याय कमी असतील तर पॉलिकोरिक सहसंबंध (क्रमवार पर्यायांसाठीचा सहसंबंध) घ्या. राश प्रतिमान जमत असेल तर ते जरूर लावा, कारण त्यात विधानांची काठिण्यपातळी आणि माणसांची पातळी एकाच पट्टीवर मांडता येते आणि मधली रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते. दोन पायऱ्यांमध्ये मोठी उडी दिसली तर तिथे नवं विधान हवं.

पुष्टीकारक विश्लेषणासाठी, म्हणजे ठरवलेली रचना विदेशी किती जुळते ते सांगणाऱ्या निर्देशांकांसाठी, हू आणि बेंटलर यांचे १९९९ चे निकष बहुतेक जण पाळतात : सीएफआय ०.९५ च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा खाली, एसआरएमआर ०.०८ च्या आसपास किंवा खाली. स्त्री-पुरुषांची किंवा दोन वयोगटांची सरासरी ताडून पाहायची असेल, तर मापन दोन्ही गटांत सारखंच चालतं का हे आधी तपासा. तसं नसेल तर गटांमधला फरक विधानं वेगळी वाचल्यामुळेही आलेला असू शकतो.

विश्वसनीयता

विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३० असेल, तर ६ विधानांचा प्रमाणित अल्फा ०.७२ येतो आणि २० विधानांचा ०.९०. विधानांची जवळीक तीच, फक्त संख्या वाढली. म्हणून मोठा अल्फा पाहून हुरळून जाऊ नका. ०.९५ च्या वर गेला तर एकच गोष्ट शब्द फिरवून विचारली आहे का, हे तपासा. सोबत ओमेगा (घटकभारांवरून काढलेला विश्वसनीयतेचा आकडा) द्या. दोन उपश्रेणी असतील तर दोन्हींचे स्वतंत्र आकडे द्या.

पुनर्चाचणी (त्याच लोकांकडून पुन्हा उत्तरं) दोन आठवड्यांच्या आसपास घ्या आणि दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते सांगणारा अंतर्वर्गीय सहसंबंध काढा. मात्र मधल्या काळात कुणाला प्रशिक्षण मिळालं किंवा साखर उतरण्याचा मोठा प्रसंग आला, तर त्याची स्वक्षमता खरोखरच बदलते. अशांना गणितातून वेगळं ठेवा.

या आकड्याचा खरा उपयोग पुढे आहे. समजा गुणांचं प्रमाण विचलन १८ आणि पुनर्चाचणीचा सहसंबंध ०.८४ आला. मापनाची प्रमाण त्रुटी म्हणजे १८ गुणिले (१ − ०.८४) चं वर्गमूळ, म्हणजे १८ × ०.४ = ७.२. एका माणसात खरा बदल म्हणायला १.९६ × १.४१ × ७.२, म्हणजे सुमारे २० गुणांचा फरक हवा. ६० वरून ७० वर गेलेल्या रुग्णाला ‘सुधारला’ म्हणायला ही श्रेणी पुरेशी बारीक नाही. गटाच्या सरासरीतला १० गुणांचा फरक मात्र अर्थपूर्ण असू शकतो.

सप्रमाणता : आधी भाकीत, मग गणित

विदा गोळा करण्यापूर्वी अपेक्षित सहसंबंध लिहून ठेवा. सामान्य स्वक्षमता श्रेणीशी मध्यम, कारण नातं आहे पण दोन्ही एक नव्हेत. आत्मसन्मानाशी त्याहून कमी. परिणामाच्या अपेक्षेशी थोडा. अनुभवी रुग्णांचे गुण नवख्यांपेक्षा जास्त. हे आधी लिहिलं नसेल, तर कोणताही आकडा आला तरी ‘अपेक्षेप्रमाणे’ म्हणण्याचा मोह होतो. सामान्य श्रेणीशी सहसंबंध ०.८५ आला, तर आनंदाचं कारण नाही. तुमच्या प्रश्नावलीने नवं काही मोजलेलंच नाही.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे वर्तनाचा अंदाज. इथे निकष जवळचा निवडा. एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचं चित्र देतं, पण त्यावर औषधाची मात्रा, आहार, इतर आजार असं बरंच काही परिणाम करतं. स्वक्षमतेशी थेट जोडलेली गोष्ट म्हणजे पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष घेतलेले डोस. ते शक्यतो उपकरणातल्या नोंदीवरून मोजा. स्वक्षमता आणि डोस दोन्ही एकाच बैठकीत त्याच माणसाला विचारले, तर उत्तर देण्याच्या सवयीमुळेच सहसंबंध फुगतो. विश्लेषणात मागच्या महिन्याचे डोसही घाला. मागचं वर्तन हिशेबात धरूनही स्वक्षमता पुढच्याबद्दल काही जास्त सांगते का, ही खरी कसोटी.

प्रशिक्षणाचा परिणाम मोजणार असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा : पहिल्या सत्रानंतर गुण कधी कधी घसरतात. काम वाटलं तेवढं सोपं नाही हे माणसाला तेव्हा कळतं आणि तो आता जास्त खरा आकडा लिहितो. म्हणून सत्र संपताच एक आणि काही आठवड्यांनी पुन्हा एक, अशी दोन मोजमापं ठेवा.

पुस्तिका

प्रश्नावलीसोबत चार-पाच पानांची पुस्तिका द्या. तिच्यात सूचना शब्दशः, विधानांचा छापील क्रम, गुणांकनाची रीत, कोरी उत्तरं कशी हाताळायची ते, नमुना कोणाचा होता, आणि वगळलेली विधानं व ती का वगळली हे सगळं असावं. गुण विधानांची सरासरी म्हणून द्या, म्हणजे उत्तर पुन्हा ० ते १०० मध्येच वाचता येतं. ‘७० च्या वर उच्च, ४० च्या खाली निम्न’ असे पट्टे, त्या आकड्यांपाशी प्रत्यक्ष वर्तन बदलतं असा पुरावा हाती येईपर्यंत छापू नका. एकदा छापले की उपचारकेंद्रांत लोक त्यावरून कोणाला जास्त वेळ द्यायचा आणि कोणाला नाही हे ठरवू लागतात.